पुढच्या वेळी, नक्की!

पौरोहित्य शिकायला लागलं की घरात नारळ आणि किस्से सारखेच साठतात. नारळांची वडी तरी होते, किश्श्यांचं काय करायचं!

बीकॉम झाल्यावर मी नांदेडला शेजारच्या काकूंच्या हाताखाली शिकायला लागले. त्या पूजा सांगायच्या, मी पळी-पंचपात्र पुढं करायचे. शंख वाजला तरी दचकायचे. पण सोडायचं नाही, हे ठरलेलं!

"लई भेतीस पोरी. एकटी कधी सांगणार हाईस?"

"पुढच्या वेळी, काकू. नक्की!"

*

माझ्या भावाच्या मुलाचं बारसं. आत्या म्हणून मी कानात नाव सांगायला वाकले. तेव्हा आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे मला चांगलं माहीत होतं. तरी पहिला धपाटा बसताच मी किंचाळले, "अगं आई!"

काकू म्हणाल्या, "नाव ठेवलं की लेकरू आईचं न्हाई, गोताचं होतंय. ह्याचं 'अगंआई'च ठेवायचं का?"

*

लातूरची मुंज. मातृभोजनाला आई आणि बटू शेवटचं एका ताटात जेवत होते. काकूंनी खुणावलं, "अर्थ सांग."

"यापुढं हा आईच्या ताटातून उठून गुरूकडं..." एवढं म्हणाले आणि मलाच हुंदका फुटला!

बटूनं घास थांबवला. "ताई, तुम्ही पण बसा ना जेवायला!"

*

एका लग्नात अंतरपाट धरला होता. बाहेर फटाका फुटला, माझ्या हातातलं टोक सुटलं. नवरा-नवरी मुहूर्ताआधीच एकमेकांकडं बघून लाजले!

काकू शांत. "पाडायलाच धरतेत पडदा. पण धर वर, दोन मंगलाष्टकं राहिलीत अजून."

*

मग काकू गेल्या. देवणीच्या एका बारशाला त्यांनी हो म्हटलेलं, ते तसंच राहिलं.

दहाव्याला विष्णुपुरीला, गोदावरीकाठी पिंड मांडला. झाडावर कावळा होता, पण शिवेना.

थोरला म्हणाला, "आई, आम्ही भाऊ भांडणार न्हाई." कावळा ढिम्म.

सून म्हणाली, "तुमची तुळस जपीन." ढिम्म.

दुपार कलली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हात जोडले. "काकू, तुमचं काम मी चालवीन. एकटी सांगेन. पुढच्या वेळी, नक्की!"

कावळ्यानं मान फिरवली.

धाकटा कुजबुजला, "अगं, तिला दिवस सांग की!"

मी मोठ्यानं म्हणाले, "येत्या रविवारी. देवणीचं बारसं. एकटी!"

माझ्या कानाला पंख घासत कावळा थेट पिंडावर उतरला.

मी जागची हलले नाही.