विचारून गेलेली मुलगी

शाळेत मूल्यशिक्षण माझ्याकडे आलं ते माझा आवाज मोठा होता म्हणून. परिपाठाला माईक बंद पडला तरी माझं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत जातं, असं मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, वाटायचं. त्यांनी शुक्रवारचा शेवटचा तास माझ्या नावावर लिहून टाकला. अमरावतीतली मुलींची शाळा. मी अकोल्याची, नवरा आणि घर तिकडेच. सोमवारी पहाटेच्या बसनं यायचं, शाळेजवळच्या खोलीत आठवडा काढायचा आणि शनिवारी दुपारी परत जायचं. नोकरीचं तिसरं वर्ष होतं आणि माझ्या मान्यतेची फाईल अजून शिक्षण विभागात पडून होती.

पहिले काही महिने मी इतरांसारखंच केलं. फळ्यावर मूल्यांची नावं लिहायची, मुलींनी ती पाढ्यासारखी म्हणायची. सत्य, शिस्त, संवेदनशीलता. सातवीच्या मुलींचे आवाज छान लागायचे, पण डोळे घड्याळाकडे असायचे. मग मी जोड्या लावल्या. प्रत्येकीला वर्षभरासाठी एक जोडीदारीण दिली, तीही मैत्रीण नसलेली मुद्दाम शोधून. ती गैरहजर असली तर तिची वही लिहून ठेवायची, तिला बरं नसलं तर घरापर्यंत सोडायचं, ती चुकली तर तिला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं. एवढंच. मूल्यांची नावं फळ्यावरून पुसून टाकली. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

एक मुलगी होती, खो-खो खेळणारी, काटकुळी, गुडघ्यांवर कायम खरचटलेलं. वडील वायरमन. वर्गात ती फार बोलायची नाही, पण जोडीचं काम तिनं मनावर घेतलं होतं. तिची जोडीदारीण नेहमी आजारी असलेली, नाजूक, थोडी रडकी मुलगी होती. ही तिचं दप्तरसुद्धा उचलायची. मी एकदा म्हटलं, "अगं, दप्तर तिचं तिला उचलू दे." तर म्हणाली, "मले जड नाही लागत मॅडम."

त्या हिवाळ्यात सातवीची सहल चिखलदऱ्याला गेली. एक बस, चाळीसेक मुली, मी आणि एक शिपाईण. परतवाडा सोडून घाट लागला तशी ती नाजूक मुलगी ओकायला लागली. वर पोचेपर्यंत तिची अवस्था अशी झाली की ती बसमधून उतरलीच नाही. तिची जोडीदारीण पॉइंट पाहायला उतरायची, पाच मिनिटांत परत येऊन हिच्याजवळ बसायची.

शेवटच्या पॉइंटवरून निघायची वेळ झाली. धुकं उतरायला लागलं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत म्हणाला, "बाई, चला लवकर. उजेड हाय तोवर घाट उतराचा हाय." मुली आत चढत होत्या. तेवढ्यात ही माझ्याजवळ आली. हातात जोडीदारणीची रिकामी बाटली.

"मॅडम, हिच्यासाठी पाणी भरून आणू काय?"

"जा, पण पळत ये," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. माझ्या मोठ्या आवाजात म्हटलं. पण बसमध्ये गाण्यांचा गलका होता, शिपाईण मागे पिशव्या लावत होती, आणि ते आम्हा दोघींशिवाय कोणी ऐकलं नाही.

मग मी चढले. यादी माझ्या हातात होती. एकेकीचं नाव घेऊन हजेरी घ्यायची असते, ते मला माहीत होतं. मी दारात उभी राहून ओरडले, "सगळ्या जोड्या आल्या का?" चाळीस गळ्यांतून "होऽऽ" आलं. जिच्या जोडीची आली नव्हती, ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. बस हलली आणि मी मांडीवर यादी घेऊन सगळ्या नावांपुढे बरोबरच्या खुणा करून टाकल्या.

घाट अर्धा उतरल्यावर ती झोपलेली मुलगी जागी झाली. पाणी मागायला लागली. मी म्हटलं, "बाटली काढ तुझी." ती म्हणाली, "बाटली तर तिच्यापाशी आहे." आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहायला लागली.

बसला वळायला जागा मिळेपर्यंत आणखी खाली जावं लागलं. पुन्हा वर पोचायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही. मी ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभी होते आणि मागे एकही मुलगी आवाज करत नव्हती. वर धुक्यात एका भुट्टे भाजणाऱ्या बाईच्या शेगडीजवळ ती बसली होती. अंगावर त्या बाईची शाल, मांडीवर भरलेली बाटली. मला पाहून उठली आणि म्हणाली, "पळतच आली होती मॅडम, बस निघून गेली होती." मी तिला जवळ घेतलं आणि रडायला लागले. ती रडली नाही. तिनं बसमध्ये जाऊन आधी बाटली जोडीदारणीला दिली.

पण तिथं फिरायला आलेल्या एका कुटुंबानं तिच्या ओळखपत्रावरचा नंबर पाहून वडिलांना फोन केला होता. तिचा फोटो काढून सोशल मीडियावर टाकलाही होता. आम्ही अमरावतीला पोचलो तेव्हा शाळेच्या फाटकाशी वडील मोटारसायकल घेऊन उभे होते. मुलीला मागे बसवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. टेबलावर टाईप केलेला अहवाल तयार होता. संस्थेला द्यायचा आणि शिक्षण विभागालाही. 'सदर विद्यार्थिनी शिक्षिकेची परवानगी न घेता गटापासून बाजूला गेली. शिक्षिकेच्या लक्षात येताच बस तत्काळ परत नेण्यात आली.'

"असंच झालं ना?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, तिनं मला..."

"तुमची फाईल कुठे आहे, ठाऊक आहे ना?" हे त्या धमकावून बोलल्या नाहीत. बाहेर निघालेल्या माणसाला छत्रीची आठवण करून द्यावी तसं बोलल्या. मग पुढे म्हणाल्या, "माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. यानंतर पोरींची सहल कोणी काढू देणार नाही, ते तर झालंच. आता निदान शाळा तरी वाचवू."

मी काही बोलायच्या आत शिपायानं वडिलांना आणि मुलीला आत आणलं. वडील कामाच्याच कपड्यांत होते, पट्ट्याला पकड अडकवलेली. मोठ्या बाई मुलीकडे वळल्या. "खरं सांग बेटा. तू मॅडमना विचारून गेली होती का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ती थांबली होती. मी बोलेन म्हणून थांबली होती. मी टेबलावरच्या काचेखालचं सुट्ट्यांचं परिपत्रक वाचत राहिले. वाचत नव्हते, पण मान वर होत नव्हती. पाच सेकंद असतील, दहा असतील.

मग ती म्हणाली, "नाही मॅडम. मी न विचारता गेली."

वडिलांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिला म्हणाले, "माफी माग मॅडमची." आणि तिनं माझ्याकडे वळून हात जोडले.

मी अहवालावर सही केली. सही करताना माझं नाव मला नीट आलं नाही, शेवटचं अक्षर ओळीखाली गेलं.

मधल्या सुट्टीत मी तिला नळाजवळ गाठलं. "तू असं काहून बोलली?" अकोल्याचं बोलणं माझ्या तोंडून आपोआप निघालं.

ती हात धूत होती. "तुमी रडल्या होत्या ना काल," ती म्हणाली. "अन् बसमधे शिपाईण ताई सांगत होती ड्रायव्हरले, की आता मॅडमले काढून टाकतील म्हणे." मग घंटा झाली आणि ती गेली.

तिला वाटलं तिनं माझी काळजी घेतली. जोडीदारणीची घेत होती तशी. आणि मी तिला काय सांगणार होते, की हे चुकलं? की खरं बोलायला हवं होतं? कोणत्या तोंडानं?

शुक्रवारचा तास आला. मी त्या तासाला मुलींना गणिताचा अभ्यास करायला सांगितला.

जानेवारीतल्या चाचणीच्या प्रगतिपुस्तकात वर्तनाच्या नोंदी असतात. मी तिच्यापुढे 'जबाबदारीने वागते' लिहिलं होतं. मोठ्या बाईंनी ते पान परत पाठवलं. अहवालात एक आणि प्रगतिपुस्तकात दुसरं असं चालणार नाही, त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. मी 'स्वयंशिस्तीत सुधारणेस वाव' लिहिलं. याहून सौम्य शब्द मला सापडले नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित विसरले असते. पण फेब्रुवारीत खो-खोच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. शिबिर अकोल्याला, आठ दिवसांचं. आमच्या खेळाच्या सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं की वडील नाही म्हणताहेत. हट्टानं नाही म्हणताहेत.

त्या शनिवारी मी अकोल्याची बस सोडली आणि तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर ओट्यावर तारेची भेंडोळी. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. तिच्या आईनं चहा टाकला. मुलगी आतल्या दाराशी उभी राहिली.

मी म्हटलं, "शिबिराला पाठवा तिला. अकोल्याला माझं घर आहे. मी आठ दिवस रजा टाकते. माझ्याजवळ राहील, मी स्वतः नेईन, स्वतः आणीन."

"तुमचे उपकार हायेत मॅडम," ते म्हणाले. "पण एकटी सोडाची पोरगी नाही ही. न सांगता जाते. तुमच्याच कागदावर हाय."

मग मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. तिनं विचारलं होतं, मी जा म्हटलं होतं, नावं घेऊन हजेरी मी घेतली नाही, खुणा खोट्या केल्या, आणि ऑफिसमध्ये मी गप्प बसले. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना पुढे वाकावं लागलं.

ते ऐकून घेत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, कोणाबद्दल आदर वाटावा तसं.

"मॅडम, तुमी लय भल्या हायेत. शिबिरासाठी तुमी सोतावर घेऊन राहिल्या. पण तिले असं पाठीशी घालू नका. तिनं तिच्या तोंडानं कबूल केलं, माह्या समोर."

"मी खरं सांगतेय."

"तिलेच विचारा मंग." ते मुलीकडे वळले. "काय वं? मॅडमले विचारून गेली होती तू?"

मी तिच्याकडे पाहिलं. या वेळी मान खाली घातली नाही. पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती वडिलांकडे पाहत होती, आणि मला उशिरा कळलं की तिनं 'हो' म्हटलं असतं, तर त्या दिवशी ऑफिसमध्ये ती वडिलांदेखत खोटं बोलली असं ठरलं असतं. एकदा न सांगता गेलेली मुलगी त्यांनी कशीबशी पचवली होती. तोंडावर खोटं बोलणारी पचवली नसती.

"मॅडम, राहू द्या ना," ती म्हणाली. "मले नाही जायचं शिबिराले."

चहा आला होता. मी तो प्यायले.

सोमवारी मी मोठ्या बाईंना लेखी दिलं, एक पानभर. त्यांनी ते माझ्यासमोर वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवलं. "हे मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून त्या पोरीचं बोलणं खोटं ठरवायचं का आता? तिला पुन्हा चौकशीत उभं करतील. विचार करा." मी विचार केला. पान माझ्या पर्समध्ये राहिलं आणि पुढच्या पावसाळ्यात भिजून त्याचा लगदा झाला.

माझी मान्यता आली. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. ती मुलगी शाळेतच होती. खो-खो तिनं नववीत सोडला. सर म्हणाले, बाहेरगावचे सामने खेळायचेच नसतील तर सराव कशासाठी करेल? दहावीत ती पुन्हा माझ्या वर्गात आली. वर्षभर मी तिला मराठी शिकवलं. आम्ही दोघी त्याबद्दल काही बोललो नाही. ती निबंध छान लिहायची, अक्षर सरळ.

यंदा निकाल लागला आणि ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. उंच झाली होती. दाखल्यावर वर्गशिक्षिकेची सही लागते, म्हणून बाबू तो कागद घेऊन माझ्याकडे आले. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' लिहिलेलं होतं.

मी त्यांना विचारलं, "इथे आणखी काही लिहिता येतं का?"

"आणखी काय?" बाबू म्हणाले. "चांगलीच्या वर काही नसते मॅडम. साऱ्यांचं हेच लिहितो."

मी सही केली. मग तिला व्हरांड्यात घेऊन गेले. तीन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, पण ते नीट आलं नाही. "सातवीत सहलीत जे झालं," मी म्हटलं, "ते माझ्यामुळे..."

"मले आठवत बी नाही मॅडम," ती लगेच म्हणाली आणि हसली. तिनं हे इतकं सहज म्हटलं की खरं की खोटं, मला ओळखू आलं नाही.

वडील फाटकाशी होते. मला पाहून मोटारसायकलवरून उतरले. केस बरेच पिकले होते. "मॅडम, पोरीले वळण लागलं तुमच्या हाताखाली," ते म्हणाले. "सातवीत मले लय भेव वाटे तिचं. आता कुठीबी बिनधास्त पाठवतो." आणि त्यांनी हात जोडले.

मीही जोडले. ती मागे बसली, दाखल्याची सुरळी ओढणीत धरून. गाडी चौकातल्या ऑटोंच्या गर्दीत शिरेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग घंटा झाली आणि मी तासावर गेले.