भांडण बंद झालेलं घर

म्हशीच्या बाजारात जे गिऱ्हाईक नावं ठेवतं, तेच म्हैस घेतं. "ही कास म्हणायची का रिकामी पिशवी?" असं विचारणारा माणूस दावं हातात घेऊनच घरी जातो. पण जो म्हशीभोवती एक फेरी मारतो, "बरी हाय" म्हणतो आणि शांतपणे पुढं सरकतो, तो परत येत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्यांची जनावरं हाकत मी बाजारात शिरलो आणि आज कसबा बावड्यात माझं दुमजली घर आहे. म्हणूनच गेल्या दिवाळीपासून बायको माझ्या प्रत्येक बोलण्यावर "बरं" म्हणायला लागली, तेव्हा मला सुख वाटलं नाही. भीती वाटली.

आमचा संसार भांडणावर उभा होता. आमटीतल्या मिठावरून सुरुवात व्हायची आणि दोन्हीकडच्या आजोबांपर्यंत पोचायची. शेजारी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचे. एकदा मी म्हणालो, "म्हैस घ्यायची तर आम्ही दोन वेळा धार काढून बघतो. लग्नात मात्र पोह्याची बशी रिकामी व्हायच्या आत सौदा. फसणार न्हाय तर काय."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हशीला निदान मालक बदलायची सोय हाय. आमचं काय?"

अशा बायकोबरोबर माणूस म्हातारा व्हायला तयार असतो.

मुलीचं लग्न झाल्यावर बायकोनं पेठेतल्या एका मास्तरांकडे चित्रांचा क्लास लावला. मी हसलो. पन्नाशीला आलेली बाई आणि हातात ब्रश. ती सारखं एकच चित्र काढायची: गगनबावड्याकडचं तिच्या आईचं घर, धुक्यात अर्धं बुडालेलं, दार उघडं. आई गेली, भावांनी घर पाडलं, फोटो एकही नाही. ती दार रंगवायची, पुसायची, परत रंगवायची. "आईच्या दाराचा रंग असा न्हवता," एवढंच म्हणायची. शेवटी एकदा तो रंग जमला. त्या दिवशी तिनं माझ्याशी भांडणही केलं नाही, नुसती गुणगुणत होती.

दिवाळीच्या आधी मास्तरांनी एका हॉलमध्ये सगळ्यांची चित्रं मांडली. तिच्या चित्राखाली चिठ्ठी होती: विक्रीसाठी नाही. ती वाचून मला तिचं कौतुक वाटलं. बाजारात म्हैस घेऊन आलेला प्रत्येक जण हेच सांगतो. "द्यायची न्हाय ओ, पोरांनी लई जीव लावलाय." द्यायची नसती तर पहाटे उठून टेम्पोत घालून आणली कशाला? 'न्हाय' म्हटल्याशिवाय भाव चढत नाही. मला वाटलं, इतकी वर्षं माझ्याजवळ राहून बाई शेवटी काहीतरी शिकली.

ती मैत्रिणींबरोबर चहाला बाहेर गेली होती. कागलकडचा एक हॉटेलवाला चित्रापुढं बराच वेळ उभा होता. घरचा शेतकरी माणूस. मी जवळ गेलो, म्हणालो, "पावणं, घरचंच हाय. बोला." खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला. आमच्याकडे भाव तोंडानं सांगत नाहीत, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. त्यालाही ते ठाऊक होतं. बघणारे हसत होते. मी असा भाव काढला की मास्तरांनीसुद्धा कपाळावर हात मारला. तो हात कौतुकाचा नव्हता, हे मला नंतर कळलं.

बायको आली तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता.

"कुठं गेलं?"

"गेलं. भाव ऐकशील तर खाली बसशील."

ती खिळ्याकडे बघत राहिली. मी भांडणाची वाट बघत होतो.

"बरं," ती म्हणाली.

तेव्हापासून घर शांत आहे. मुद्दाम म्हणालो, आमटी आळणी आहे. "बरं, उद्या मीठ जास्त घालते." ताट आपटलं, तर तिनं शांतपणे फरशी पुसली. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, आई किती समजूतदार झालीय." तिला बाजार माहीत नाही.

माझंही म्हणणं आहे, आणि ते मी सोडलेलं नाही. विकायचं नव्हतं तर चार लोकांत टांगलं का? मला आधी सांगायला काय झालं होतं? मी कसा आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरीही माझी बाजू ऐकून घ्यायला घरात कुणी नाही. जी ऐकून उलट बोलायची, ती "बरं" म्हणते.

शेवटी मी कागलला गेलो. चित्र हॉटेलात गल्ल्यामागं होतं. हॉटेलवाला म्हणाला, "न्हाय पावणं, आता द्यायचं न्हाय." मी सवयीनं टॉवेल काढला. त्यानं हात मागं घेतले. "माझी आई रोज त्याच्यासमोर बसती. बोलत काय न्हाय, नुसती बसती." तो भाव चढवत होता की खरंच नाही म्हणत होता, मला ओळखता आलं नाही. बाजारात असं मला कधी झालं नव्हतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "कशाला गेलात? ते आता त्यांचं झालं," म्हणाली. मग तांदळाचं ताट बाजूला सारून म्हणाली, "वरची खोली मला पायजे."

"घे की."

"आतनं कडी बसवून घेणार हाय."

दुसऱ्या दिवशी सुतार येऊन गेला.

आता दुपारी ती वर असते. खाली रंगाचा वास येतो. काय काढते, माहीत नाही. संध्याकाळी येते, भाकरी करते, वाढते. काल मी दारात चपला घालत होतो, तेव्हा म्हणाली, "जरा तसंच उभं ऱ्हावा."

उभा राहिलो. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. खूप वेळ. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. नावं ठेवली तरी चालेल. ती वळली आणि जिना चढून गेली. वर कडी लागली.