जीवनचं खातं

भावना तायडे अमरावतीत एका छोट्या ऑफिसात बसून चाळीसेक वेबसाइट एकटीनं सांभाळते. दोन कॉलेजं, काही संत्रा व्यापारी, मोर्शीची एक नर्सरी. वेबसाइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट दर दोन महिन्यांनी आपोआप नवं व्हावं, ही सोय तिच्या आधी तिथं काम करणाऱ्या जीवन भटकरनं करून ठेवली होती. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडचं खातंही त्याच्याच नावाचं.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी जीवन अपघातात गेला. त्याच्या ईमेलवर येणाऱ्या सूचना आता वाचणार कोण, म्हणून भावनानं स्वतःच्या नावानं खातं उघडलं, सगळ्या साइट त्यावर घेतल्या आणि सर्व्हरवरची जुन्या खात्याची चावी पुसली. चावी म्हणजे एक गुप्त फाइल. तिच्याशिवाय खातं हलत नाही.

कोणत्या साइटला कधी सर्टिफिकेट मिळालं, याच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. दोन महिन्यांनी भावनानं त्या पाहिल्या, तर मोर्शीच्या नर्सरीला दोन मिळालेली. एक तिनं घेतलेलं. दुसरं मंगळवारी दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी कोणीतरी मागितलेलं. पुढच्या खेपेलाही तेच. नर्सरीच्या वेबसाइटचं नाव ज्या कंपनीकडे नोंदवलेलं होतं, तिथं तिनं विचारलं. उत्तर आलं, मागणी जीवनच्या पासवर्डनंच मंजूर झाली आहे.

त्या पासवर्डची आणि चावीची नक्कल फक्त त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. भावना त्याच्या घरी, मूर्तिजापूरला गेली. जीवनची आई मनकर्णाबाई घरी एकट्याच होत्या.

"काकू, जीवनचा कॉम्प्युटर कोण वापरते?"

"कोन वापरन? तो गेला तवापासून बंद हाय. मले तर चालूबी करता येत नाई."

खोलीचं कुलूप काढलं. कॉम्प्युटरवर धुळीचा जाड थर. वायर गुंडाळून टेबलावर ठेवलेली, प्लगला कोळ्याचं जाळं. शेवटचं सर्टिफिकेट मिळून जेमतेम अकरा दिवस झाले होते.

भावनानं वायर जोडली. मशीन सुरू झालं. आतल्या कामांची यादी जीवन गेला त्याच दिवशी संपत होती. त्यानंतर एक ओळ नाही. चावी मात्र जागेवर होती.

"काकू, याच्यातून त्याचं खातं कायमचं बंद करता येते. करू का?"

मनकर्णाबाईंनी दारातूनच विचारलं, "बंद केलं त त्याचं नाव पुसते का?"

"खातं तेवढं बंद होते. त्याचे फोटो-बिटो सारे रायतेत."

"मंग कर."

भावनानं मोबाइलचं इंटरनेट जोडून खातं बंद केलं. तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

त्यानंतर नर्सरीला दुसरं सर्टिफिकेट कधी मिळालं नाही. भावना मात्र दर मंगळवारी दोन वाजले की नोंदी उघडून बसायची. अशाच एका मंगळवारी मनकर्णाबाईंचा फोन आला.

"पोरी, तू त्या दिवशी काय बंद केलं वं?"

"काऊन, काकू?"

"काई नाई. आधी कदी कदी दुपारी त्या खोलीतून टकटक ऐकू ये. तो काम करून रायला, असं समजून मी भाईर बसून राहो. तुले सांगतलं नाई, तू भेली असती. आता कानाले काईच येत नाई."

येत्या रविवारी येते, असं भावना म्हणाली. आणि रविवारी मूर्तिजापूरला गेली.