चादरीचं दुसरं टोक

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक जाड चादर पिळणं. अंगणात एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. लग्न झाल्यापासून हे काम करत आलो आणि लग्न झाल्यापासून मी चुकीच्या बाजूनं पिळत आलो. मग चादर नुसती गरगर फिरायची, पाणी थेंबभर निघत नसे. "उलटं करून राहिले ना तुमी," ती म्हणायची. त्या दिवशी तिनं चिडून असा हिसका दिला की माझ्या उजव्या खांद्यात कट्‌ वाजलं. "दवाखान्यात जा," म्हणाली. मी म्हटलं, उद्या जाईन. त्याच आठवड्यात एका दुपारी ती जेवून पडली ते उठलीच नाही.

ती गेली, खांदा राहिला. दवाखान्यात मी काही गेलो नाही. खरं सांगतो, दुखणं तिनं दिलेलं होतं. ते गेलं तर तिचं काय उरेल, असं डोक्यात बसलं होतं. पण कुशीवर झोपता येईना, तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरात मालिश करणाऱ्या पहिलवानाकडे गेलो. "बाबा, नस पे नस चढ गई है," म्हणून त्यानं माझ्या पाठीत गुडघा रोवला. आधी हात खांद्यापर्यंत तरी जायचा. त्यानंतर टोपी डोक्यावर ठेवता येईना, डोकंच खाली नेऊन टोपीत घालावं लागे.

देवावर तर माझा रागच होता. ती रुक्मिणीची भक्त. रुक्मिणीचं माहेर आपलं कौंडण्यपूर, म्हणून ही तिला "आपल्या इकडची पोरगी" म्हणायची आणि दरवर्षी जाऊन घंटा वाजवून यायची. या वर्षी तिच्या नावानं ती घंटा मी वाजवीन आणि देवीशी भांडूनही घेईन, असं ठरवलं. अमरावतीला गाडी बदलली. वाटभर भांडण पाठ करत गेलो.

देवळात घंटा उंच. उजवा हात छातीच्या वर जाईना, आणि डाव्या हातानं देवाची घंटा कशी वाजवायची? डाव्यानं उजव्याचं कोपर धरून वर रेटत राहिलो. मागे रांग खोळंबली. नारळाची पिशवी घेतलेली एक म्हातारी बाई पुढे आली.

"काय बाबाजी, वाजवता का सरकता?"

"हात वर जाऊन नाही राहिला."

"कवापासून?"

"बायको गेली तवापासून."

"दवाखान्यात दाखवला?"

"नाही. म्हटलं, पहिले देवीले भेटून घेऊ."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "उलटं करून राहिले ना तुमी. पहिले हात दुरुस्त करा, मंग या. रुक्मिणी एकडाव पळाली तेवढी पळाली, आता कुठं नाही जात."

रांगेतली माणसं हसली. माझं पाठ केलेलं भांडण घशातच राहिलं. तेच शब्द, तोच सूर, माझ्या अंगणातला. सावरून वळलो तोवर ती नदीच्या पायऱ्यांकडे उतरून गेली होती. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. ती कोण होती हे मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. परतताना अमरावतीला उतरलो आणि दवाखाना विचारत गेलो.

डॉक्टरीणबाईनं हात सगळीकडून फिरवून पाहिला, फोटो काढला, रक्त तपासलं. हाड साबूत होतं. "काका, खांदा आखडलाय. फ्रोझन शोल्डर म्हणतात याला. आणि तुम्हाला शुगर आहे, त्यात हे जास्त होतं." खांदा दाखवायला गेलो आणि साखर घेऊन आलो. मालिश बंद, गोळ्या, शेक, आणि रोजचा व्यायाम. भिंतीवर बोटं चढवायची. टॉवेल पाठीमागे धरून ओढायचा.

"टॉवेल धरायला घरी कोणी आहे?"

"नाही."

"मग दुसरं टोकही तुम्हीच धरा," म्हणाली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

पुढे कितीतरी महिने माझी बोटं भिंतीवर मुंग्यांसारखी चढत होती. शेजारीण विचारायची, "काय शोधून राहिले, बाबाजी?" मी म्हणायचो, "घंटा." रोज रडकुंडीला येत होतो आणि रोज करत होतो. मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे देवापुढं डोकं टेकणं. डोकं कोणीही टेकवतं. माझ्यासारख्या आडमुठ्याला कोणी उलटं करतोस म्हटल्यावर मुकाट्यानं बाजू बदलता येणं, मला वाटतं माझ्यापुरतं तेच शरण जाणं.

हात वर जाऊ लागला तसा पुन्हा कौंडण्यपूरला गेलो. एकदाच घंटा वाजवली, उजव्या हातानं, तिच्या नावानं. भांडण आठवलंच नाही. त्या बाईला गर्दीत शोधलं, दिसली नाही. तिच्यासाठीही हात जोडले. खांदा दुखत नव्हता, तरी माझी बायको कुठं गेली नव्हती, हे तिथं उभं राहून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून तीच चादर काढली. भिजवली, धुतली. एक टोक अंगणातल्या खांबाला बांधलं, दुसरं धरून पिळायला लागलो. खांबाला कुठल्याही बाजूनं पिळलं तरी चालतं, तो काही बोलत नाही. तरी मी थांबलो, बाजू बदलली आणि पिळलं. भरपूर पाणी निघालं. मग दोन्ही हात वर करून चादर तारेवर टाकली.