वस्तरा घेणारच!

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. चहाच्या उष्ट्या कपांसारखे ते टेबलावर साचत जातात, आणि मग एखाद्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "पवार, तो वस्तऱ्याचा सांगा ना!" घ्या, सांगतोच.

काचीगुड्याला आमचं ट्रान्सपोर्ट बुकिंगचं छोटं ऑफिस. मी, ख्वाजाभाई आणि आमच्या बॉस लक्ष्मी मॅडम. माझी मुलगी रेवती, तिचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. डबा उघडता उघडता मी जाहीर केलं, "प्लॅस्टिकची रेझरं बास! आता स्टीलचा उघडा वस्तरा!"

"पवार, लग्नात फोटो काढायचेत, पंचनामा नाही!" मॅडम म्हणाल्या.

ख्वाजाभाईंची दाढी छातीपर्यंत. तरी मत होतंच. "कायकू मियाँ? गर्दन भारी हो गई क्या?"

दाढीच न करणाऱ्या माणसाचं मी का ऐकावं? घेणार म्हणजे घेणार!

*

अफझलगंजच्या दुकानदाराने दोन वस्तरे पुढे ठेवले. एक कार्बन स्टीलचा, पटकन धार लागणारा, पण ओला राहिला की गंजणारा. दुसरा स्टेनलेस, धार लावायला चिवट, पण पाण्याला न भिणारा. माझा ओला टॉवेल रोज पलंगावर सापडतो. मी मुकाट्याने स्टेनलेस उचलला, तोही गोल टोकाचा. चौकोनी टोक नवशिक्याच्या कानाचं काय करतं, ते त्याने स्वतःचा कान धरून दाखवलं होतं.

"सलून किधर डाल रै?" त्याने विचारलं.

"घर में."

"गिराक?"

"एकीच. मैं!"

 वस्तरा कागदात गुंडाळत तो म्हणाला, "फिर हिलना नक्को!"

*

शिकायची रीत अशी, की फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता साफ करायचा. लंच टाइममध्ये मी फुगा घेऊन बसलो. अर्धा साफ झाला. मॅडम वाकून बघायला आल्या, आणि फाट! मॅडमच्या चष्म्यावर फेस, साडीवर फेस. ख्वाजाभाई टेबलाखाली.

मॅडमनी सावकाश चष्मा पुसला. मला वाटलं, गेली नोकरी.

"दुसरा फुगा आणा," त्या म्हणाल्या. "आता मी करणार!"

*

फुग्यानंतर माझा गाल. पहिल्याच दिवशी हनुवटीवर पट्टी लागली, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी होणाऱ्या विहीणबाई त्यांच्या जामबागेतल्या घरून आल्या.

"या वयात हा कसला हट्ट?" त्यांनी पट्टीकडे बघत विचारलं. मग चहा ढवळता ढवळता म्हणाल्या, "आणि रेवतीनेही आता ते मेट्रो चालवणं सोडावं. सून घरात दिसली पाहिजे."

माझी रेवती मेट्रो ट्रेन चालवते. अख्खी गाडीभर माणसं तिच्या हातावर भरवसा ठेवून बसतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नितीन, होणारा जावई, शेजारीच बसून बिस्किटं खात होता. आईपुढे त्याचं तोंड फक्त खायला उघडायचं.

मी काही बोलायच्या आत रेवतीच म्हणाली, "काकू, बाबांनी वस्तरा सोडला की मी नोकरी सोडते."

"लग्नानंतर बघू," विहीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी एकही दाढी चुकवली नाही. बायकोने वस्तरा लपवला, मी शोधून काढला.

*

लग्न मंगळवारी होतं. मुहूर्ताला जेमतेम तास उरला आणि वराच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. नितीनचा इलेक्ट्रिक शेव्हर मध्येच बंद पडला होता. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर झाडी! चार्जर घरी राहिलेला, आणि मंगळवारी सलूनं बंद. विहीणबाई रडकुंडीला आल्या होत्या.

माझा वस्तरा बॅगेत होताच.

"करा हो, काहीही करा!" विहीणबाई म्हणाल्या.

लग्नाला आलेल्या मॅडमनी फेस केला, ख्वाजाभाईंनी खुर्ची धरली. "हलायचं नाही," मी जावयाला बजावलं. उजवा गाल झाला. मला माझाच अभिमान वाटला. वस्तरा गळ्यापाशी आला, तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली रेवती दारात येऊन उभी राहिली.

"काकू," तिने विचारलं, "माझ्या नोकरीचं काय ठरलं?"

खोलीत कुणी हलेना. मीही वस्तरा गळ्यावरून उचलला नाही.

ओठ न हलवता नितीन म्हणाला, "आई, हो म्हण!"