मधी कडक, कडंला मऊ

मामा कुणालाही पारखायचे ते पायाकडून. माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा मुलाच्या चेहऱ्यावर होत्या आणि मामांची त्याच्या पायांवर. पोहे संपल्यावर ते मुलाला म्हणाले, "पाव्हणं, जरा अंगनात चालून दावा." मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा. बिचारा उठला, चालला, वळला, परत आला. "ग्रिप हाय," मामांनी निकाल दिला आणि लग्न ठरलं. तेव्हापासून घरात त्यांचं नाव ग्रिपमामा.

मामा काष्टीच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. दात कुणीही बघेल, मामा वाकून खूर बघत. अंगठ्याचं नख दाबून बघत आणि मग हुंकार देत. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पुण्याच्या एका इंजिनिअराकडून जुनी, दणदणीत मोटारसायकल घेतली. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "अरं, उभी कशी राह्यलीय बघ की!" मामीचं माहेर जामखेडला. दोघं गाडीवरून जात, कर्जतच्या पुढं थांबून भजी खात. गाडी आवडते असं मामी मरेपर्यंत कबूल करणार नव्हती, पण निघायच्या आधी तासभर पदर खोचून ती ओट्यावर तयार बसलेली असे.

मग तो दसरा आला. गाड्या धुवायच्या, हार घालायचे, हे सगळेच करतात. मामांचा हात पडला बैलवाल्याचा. पोळ्याला ते बैलाची शिंगं रंगवत, खुरांना तेल चोळत, अर्धवट शोभा त्यांना खपतच नसे. त्यांनी टायर चमकवायचं पॉलिश आणलं आणि दोन्ही टायरांना फासलं. नुसतं बाजूला नव्हे, जिथं टायर रस्त्याला टेकतं तिथंसुद्धा! मागं नवीकोरी साडी नेसलेली मामी. ग्रामपंचायतीच्या वळणावर गाडी अशी काही सटकली, की मामी थेट मक्याच्या चाऱ्याच्या ढिगात. लागलं काही नाही, पण सगळा गाव सोनं वाटायला तिथंच जमलेला. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "आजपासनं तुमच्या मागं बसायची न्हाई. माझी यष्टी बरी."

मामांचं निदान ठरलेलं होतं. "टायरच भिकार हुतं." साडीच्या काठाला लागलेला काळा, चिकट डाग मामीनं त्याच संध्याकाळी मला दाखवला होता. ती त्यांना एका शब्दानं बोलली नाही. ती फक्त वाट बघत होती.

पुढच्या खेपेला मामी जामखेडला एसटीनं निघाली, तर मामा गाडीवरून एसटीच्या मागं. रस्ता रुंद झाला की खिडकीजवळ यायचे आणि ओरडायचे, "भजी खायची का?" मामी खिडकीची काच ओढून घ्यायची. कंडक्टरनं शेवटी विचारलं, "मावशी, हा इसम तुम्हाला त्रास देतोय का?" मामी म्हणाली, "व्हय. लगीन झाल्यापासनं."

त्या दिवसापासून मामांना एकच ध्यास लागला. असं टायर आणायचं, की ही पुन्हा मागं बसली पाहिजे. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी डोळे लाल करून घेतले. मला बसवून शिकवणी चालायची. "भाच्या, रेसचं टायर डिंकावानी धरतं, पर एका हंगामात झिजून जातं. नुसतं लांब पल्ल्याचं घेतलं तर मरत न्हाई, पर ओल्यात घसारतं. दोन्हीच्या मधलं असतंय, त्याला स्पोर्ट टूरिंग म्हनत्यात. मधी कडक, कडंला मऊ. सरळ रस्त्याला झिजत न्हाई आन वळनात धरून ठिवतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या हिच्या बरोब्बर उलटं."

नगरच्या शोरूममध्ये मी त्यांच्याबरोबर होतो. मामा टायरासमोर उकिडवे बसले, नख दाबलं, वास घेतला, हुंकार दिला. मग उठले, खांद्यावरचा टॉवेल मॅनेजरच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरली. बैलाचा सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलायचा नाही, बोटांनी सांगायचा. मॅनेजर दचकला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यानं खुर्ची मागवली, पाणी मागवलं. मी कपाळाला हात लावला. मामा मात्र त्याला एकेक बोट दाबून शिकवत बसले आणि मनासारखा भाव घेऊनच उठले.

नवं टायर सुरुवातीला गुळगुळीत असतं. मामा म्हणायचे, "नव्या टायरला आधी रस्ता दावावा लागतो." म्हणून आठवडाभर ते कॅनॉलच्या रस्त्यावर हळूहळू, डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत हिंडले. गावात बोभाटा झाला, की म्हातारा प्यायला लागला.

आणि मामीच्या भाच्याचा साखरपुडा आला. मामा गाडी पुसून अंगणात उभे. मामी पिशवी घेऊन स्टँडकडं निघाली.

"अगं, टायर नवं हाय आता."

"टायर तवाबी चांगलंच हुतं," मामी न वळता म्हणाली.

मामांनी टॉवेलानं तोंड पुसलं. बैल विकताना खोड लपवायला ज्यांची जीभ कधी अडखळली नाही, ते मामा पार अडले. "पॉलिश... मीच लावलं हुतं. खाली बी."

"का?"

"तू नवी साडी नेसली हुतीस. म्हनलं, गाडी बी शोभली पायजे."

मामी वळली. "एवढं सांगायला वरीस लागलं व्हय तुमाला?" असं म्हणून तिनं पिशवी माझ्याकडं दिली आणि ती गाडीवर बसली. पिशवी घेऊन मी एसटीनं गेलो!

पुढं काही वर्षं दोघांनी तो रस्ता सोडला नाही. मामा गेले ते बाजारातच, एका खिलाराचा खूर बघायला वाकले ते उठलेच नाहीत. गाडी गोठ्यात उभी राहिली. यंदा भाऊबिजेच्या आधी मामीचा फोन आला, "मला गाडीवरनं जामखेडला सोड." मी म्हटलं, "मामी, टायरं उभ्या उभ्या कडक झालीत, बदलावी लागतील." ती म्हणाली, "मग मी येती."

शोरूममध्ये ती टायरासमोर बसली, नख दाबलं. मग पिशवीतून मामांचा टॉवेल काढला आणि मॅनेजरच्या हातावर टाकला. या खेपेला तो दचकला नाही. त्यानं गुपचूप बोटं पुढं केली. बऱ्याच वेळानं तो हसून म्हणाला, "मावशी, मामासुद्धा एवढं पिळत नव्हते हो." टायरं बसली. एक कामगार चकाकी द्यायला पॉलिशची बाटली घेऊन आला, तशी मामी ओरडली, "हात लावू नगंस त्याला!" सगळं दुकान वळून बघायला लागलं. मामी हसायला लागली आणि हसता हसताच टॉवेलात तोंड खुपसून रडली. माझेही डोळे भरून आले.

बाहेर येऊन ती माझ्या मागं बसली. मी गाडी चालू केली, तसा तिनं खांदा दाबला.

"हळू घे रं. नव्या टायरला आधी रस्ता दावावा लागतो."