माझा हात मोडला त्या दुपारी

कोलशेतच्या गोदामात सुपरवायझर म्हणून रुजू झाले, तेव्हा मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, "ही माणसं गोड बोलून ऐकत नाहीत. धाक पाहिजे."

धाक म्हणजे काय ते जेवणाच्या सुट्टीआधीच कळलं. लेबल चुकीच्या खोक्यावर लागलं म्हणून त्यांनी एका पॅकिंगवाल्याच्या हेल्मेटवर लोखंडी पट्टी अशी हाणली की तो खालीच बसला. बाकीचे मान खाली घालून टेप मारत राहिले.

मी कल्याणहून यायचे. विहाराशेजारच्या आमच्या चाळीत मारामाऱ्या मी लहानपणापासून पाहिलेल्या, नळावरून, दारूवरून. पण मार खाऊन माणूस पुन्हा कामाला लागतो, हे पहिल्यांदा पाहत होते.

मी कोणाला 'ए' म्हणाले नाही. नाव विचारून घ्यायचे, नावानेच हाक मारायचे आणि जेवायला त्यांच्यातच बसायचे. लोडिंगला खाडीकाठच्या कोळीवाड्यातले दोन सख्खे भाऊ होते. खाडीत मासळी मिळेनाशी झाल्यावर धाकटा इथे लागला आणि मग त्याने थोरल्यालाही आणलं. धाकटा अंगाने दांडगा, भरलेलं पिंप एकटा हलवायचा. त्याच्या डब्यातली जवळ्याची चटणी माझ्याकडे यायची, माझ्या आईची भाकरी त्याच्याकडे जायची. साहेबांना ते खपायचं नाही.

"उद्या हेच तुझ्या डोक्यावर बसतील," ते म्हणायचे.

मे महिन्यातली दुपार होती. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालेलं. ट्रक भरताना थोरल्याच्या हातून खोकी सरकली आणि काचेच्या बाटल्यांचा खच पडला. साहेब धावत आले. काही न विचारता त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडलेलं मला पलीकडून ऐकू आलं. तो काचांवरच गुडघ्यांवर पडला. साहेबांनी पुन्हा हात उचलला.

तो खाली यायच्या आत धाकट्याने तुटक्या लाकडी पॅलेटची फळी त्यांच्या जबड्यावर घातली. साहेब पडले, तसे सगळीकडून लोक धावून आले. इतके दिवस मान खाली घालणारी माणसं आता लाथा घालत होती, पोटात, पाठीत, जिथे बसेल तिथे. पॅकिंगच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या. साहेबांच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडत होते आणि त्यांना धड ओरडताही येत नव्हतं.

मी घुसले आणि त्यांच्या अंगावर वाकले. धाकट्याने तोवर फळी पुन्हा हाणलेली होती. ती माझ्या डाव्या हातावर बसली. कोपराखाली हात भलतीकडेच वळला. मला पाहून त्याने फळी टाकली, पण बाकीचे थांबेनात. एक लाथ माझ्याही बरगडीत बसली. ओरडायला माझ्यात दम नव्हता. मी एकेकाचं नाव घेत गेले, कामावर रोज घेते तसं, हळू. ज्याचं नाव घ्यावं तो दचकून मागे सरायचा. शेवटचा एक मारतच राहिला. त्याचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं, तेव्हा तो तिथेच बसून रडायला लागला.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये माझ्या हाताच्या हाडात स्टीलची पट्टी बसवली. साहेबांचा जबडा तारांनी बांधलेला. दुसऱ्या दिवशी गोदामाचे मालक भेटायला आले.

"कामगारांनी ठरवून केलं असं सांग. साहेबांनी आधी मारलं ते कशाला काढतेस? त्यांची खुर्ची आता रिकामीच आहे."

मालक गेल्यावर धाकट्याची बायको आली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ताई, हात परून मोरला असा सांग. तो तुला मारणारा नाय."

"मला माहितीय," मी म्हटलं. "पण मी पडले नव्हते, मारलं ना त्याने."

ती उठून गेली.

फौजदार जबाब घ्यायला आले, तेव्हा मी दोन्ही सांगितलं. पहिला वार साहेबांचा. माझा हात मोडला तो धाकट्याच्या फळीने. मालक माझ्यावर भडकले, कामगारही भडकले. पोलिसांनी धाकट्याला उचललं आणि कोठडीत त्याने बेदम मार खाल्ला. साहेबांवरही गुन्हा दाखल झाला. मी कामावर परतले, तर माझ्या लॉकरवर कोणीतरी खिळ्याने शिवी कोरलेली. जेवायला बसले की बाक रिकामा व्हायचा.

बाहेरचा कोणी मॅनेजर त्या गोदामात यायला तयार होईना, म्हणून मालकांनी साहेबांचं काम माझ्याकडे सोपवलं. मी एकच अट घातली, जो हात उचलेल तो त्याच दिवशी बाहेर. सगळ्यांसमोर ती सांगितली, तेव्हा मागून कोणीतरी हसलं.

काही आठवड्यांनी गोदामात नव्यानेच लागलेल्या मालकांच्या भाच्याने थोरल्याची गचांडी धरून त्याला खांबावर आपटलं. मोडून वाकडं जुळलेलं नाक पुन्हा वाहायला लागलं. लोकांच्या हातात लोखंडी पाने, फळ्या दिसायला लागल्या. माझा डावा हात आपोआप पोटाशी गेला. मी भाच्याला म्हटलं, "गेटबाहेर हो."

मालक खाली आले. "अगं, भाचा आहे माझा."

"अट तुमच्यासमोर ठरली होती. त्याला ठेवणार असाल तर मी जाते."

मालकांनी माझ्याकडे, मग लोकांच्या हातांकडे पाहिलं. शेवटी त्यांनी भाच्याला गाडीत बसवून नेलं. पाने खाली ठेवल्याचे आवाज आले. थोरला नाकाला फडका लावून आला आणि म्हणाला, "ताई, ट्रक थांबलाय. भरायचा का?" मी जबाब दिल्यापासून तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

पुढे दोन्ही बाजूंनी केस मिटवल्या. धाकट्याला परत घ्या म्हणून मी मालकांच्या मागे लागले, पण ते बधले नाहीत. मिटवायच्या दिवशी ठाण्याच्या कोर्टाबाहेर मी आणि धाकटा एकाच बाकावर बसलेलो.

"हात दुखतो का?" त्याने विचारलं.

"थंडीत दुखतो."

"माझा खांदा वर जात नाय. कोठडीत मोरला." मग म्हणाला, "तू पोलिसांसमोर माझा नाव घेतला, त्याचा राग हाय अजून."

"असू दे," मी म्हटलं. आतून पुकारा झाला आणि आम्ही दोघं उठलो.